वळ्ळलार कोण होते? तामिळ संत रामलिंग स्वामींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरीपायी चेन्नैत सहा वर्षं काढली आणि तेवढ्यात वळ्ळलारांच्या वडलूरला तीनदा जाऊन आलो. तेव्हापासून घरी, मित्रांत, लग्नकार्यात कुणी ना कुणी तेच तेच विचारतं. अरे ते खोलीतून गायब झालेले तामिळ संत कोण, त्यांचा पंथ कुठला, तू त्यांचं करायला लागलास का वगैरे. दर वेळी पहिल्यापासून सांगून कंटाळलो म्हणून एकदाच लिहून काढलंय. क्रमाचं फार मनावर घेऊ नका, लोक जसे विचारतात तसे प्रश्न घेतलेत.

रामलिंग हे तर देवाचं नाव ना?

आपल्याकडे रामलिंग म्हटलं की येडशीचं देऊळ आणि तिथली माकडं आठवतात, त्यामुळे हा गोंधळ होणारच. इथे रामलिंग हे माणसाचं नाव आहे. जन्म ५ ऑक्टोबर १८२३, गाव मरुदूर, चिदंबरमच्या जवळ, तेव्हाचा साउथ आर्कॉट आणि आत्ताचा कडलूर जिल्हा. ते स्वतः सही करताना 'चिदंबरम रामलिंगम' असं करायचे. 'वळ्ळलार' हे लोकांनी दिलेलं नाव, वळ्ळल म्हणजे सढळ हाताने देणारा, दानशूर, आणि पुढचा 'आर' आदरार्थी, आपण 'राव' लावतो तसा. हिंदीवाले वल्ललार लिहितात, इंग्रजीतून वाचणारे आणखी काहीतरी म्हणतात, पण मराठी माणसाला काहीच अडचण नाही, आपल्याकडे ळ आहे, बिनधास्त वळ्ळलार म्हणा.

घरची परिस्थिती कशी होती? शिकले कुठे?

शिकले कुठेच नाहीत असं म्हटलं तरी चालेल. वडील रामय्या पिळ्ळै गावाचा हिशेब ठेवायचे, म्हणजे आपल्याकडे कुलकर्णी करायचे ते काम, शिवाय पोरांना शिकवायचे. त्यांच्या पाच बायका एकामागून एक वारल्या, सहावी चिन्नम्मै, तिची पाच मुलं आणि त्यातलं हे शेंडेफळ. पोर वर्षाचं व्हायच्या आतच वडील गेले. आई मुलांना घेऊन आधी पोन्नेरीला आणि मग मद्रासला आली, सेव्हन वेल्स भागात, मिंट स्ट्रीटच्या जवळ.

थोरला भाऊ सभापती पुराण सांगून घर चालवायचा. त्याने धाकट्याला आधी स्वतः शिकवायला घेतलं, मग आपल्या गुरूंकडे, कांचीपुरम सभापती मुदलियारांकडे पाठवलं, पण पोरगं शाळा सोडून कंदकोट्टमच्या मुरुगनच्या (आपला कार्तिकेय) देवळात जाऊन बसायचं आणि स्वतः रचून गाणी म्हणायचं. भाऊ भडकला, बायकोला म्हणाला याला जेवायला घालायचं नाही. वहिनी लपून जेवू घालायची. एकदा वडिलांच्या श्राद्धाच्या दिवशी घरात सगळे जेवून गेले आणि हा नेहमीसारखा चोरून जेवायला आला, तेव्हा वाढता वाढता वहिनीच्या डोळ्यांतून पाणी आलं, म्हणाली बाबा रे थोडं शिक ना, म्हणजे असं लपून जेवायला नको. त्यावर हा म्हणाला मला वरची खोली द्या. खोलीत एक आरसा ठेवला, पुढे दिवा लावला आणि त्या आरशापुढे ध्यान करत बसायला लागला.

ही गोष्ट चरित्रांत आरशात मुरुगन दिसला म्हणून सांगतात. मला मात्र त्यातली वहिनीच लक्षात राहते. पुढे आयुष्यभर ज्या माणसाने भूक हा एकच विषय लावून धरला, त्याने लहानपणी आपल्याच घरात चोरून खाल्लेलं आहे.

नवव्या वर्षी भाऊ आजारी पडला म्हणून त्याच्या जागी कीर्तनाला गेला आणि लोकांना उठूच देईना, असंही सांगतात. खरं असेल नसेल, पण ऐकायला छान वाटतं.

लग्न झालं होतं का?

हो, १८५० मध्ये, बहिणीची मुलगी धनकोडी हिच्याशी. आपल्याला मामा-भाचीचं लग्न ऐकून कसंतरीच होतं, पण तिकडे ती जुनी रीत आहे. पहिल्या रात्री ते जुने शैव संत माणिक्कवाचगर यांचं तिरुवासगम हे भक्तिकाव्य वाचत बसले म्हणे, आणि संसार म्हणावा असा झालाच नाही. सगळे हे कौतुकाने सांगतात. धनकोडीचं पुढे काय झालं हे विचारलं की मात्र कुणी धड सांगत नाही. संतांच्या बायकांच्या बाबतीत आपल्याकडे तरी कुठे वेगळं आहे.

मूळ शिकवण काय? दोन ओळीत सांगा.

दोन ओळीत म्हणजे, सगळ्या जिवांबद्दल कळवळा हीच भक्ती, आणि त्या कळवळ्याचं पहिलं काम म्हणजे भुकेल्याला जेवू घालणं. बाकीचं सगळं नंतर.

आता जरा सविस्तर. 'जीवकारुण्य ओळुक्कम' नावाचं त्यांचं गद्य लिखाण आहे. ओळुक्कम म्हणजे आचरण, वागणूक. त्यात भूक लागल्यावर माणसाचं काय काय होतं ते त्यांनी एकेक करून लिहिलंय, म्हणजे बुद्धी कशी मंदावते, डोळे कसे खोल जातात, कान कसे बधिर होतात, पोट कसं पेटतं, आणि हे वाचताना कळतं की लांबून बघून लिहिलेलं नाहीये. बाकी दुःखांना काही ना काही उपाय निघतो, पण भूक राजालाही सोडत नाही, म्हणून देश, धर्म, जात, वागणूक काही न विचारता भुकेल्याला खायला घालायचं. 'वागणूक' हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो, कारण दानधर्म करतानाही आपण बघतोच की समोरचा बेवडा आहे का, धडधाकट असून मागतोय का. ते म्हणतात, काही विचारू नका. जीवकारुण्य हीच मोक्षाच्या घराची किल्ली, असं साधं गणित.

त्यांची सगळ्यात प्रसिद्ध ओळ तामिळनाडूत शाळेतल्या पोरालाही येते, 'वाडिय पयिरैक् कण्ड पोदेल्लाम् वाडिनेन्', म्हणजे सुकलेलं पीक जेव्हा जेव्हा पाहिलं तेव्हा तेव्हा मीही सुकलो. बहुतेकांना एवढंच पाठ असतं. त्याच्या पुढची ओळ जास्त बोचते, भुकेने खंगून घरोघरी मागूनही ज्यांचं पोट भरलं नाही असे दमलेले लोक पाहून माझं काळीज थरथरलं, असा तिचा अर्थ. मराठी माणसाला 'जे का रंजले गांजले' लगेच आठवतं, आणि चेन्नैतल्या मित्राला मी ते म्हणून दाखवलं तर तो म्हणाला अरे हे तर आमचंच आहे.

वडलूरची ती चूल म्हणजे नक्की काय?

याच्यासाठी तरी एकदा जाऊन या. २३ मे १८६७ ला वडलूरला त्यांनी 'सत्य धर्मसालै', म्हणजे अन्नछत्र, उघडली. शेजारच्या पार्वतीपुरम गावच्या लोकांनी ८० काणी जमीन दिली, म्हणजे शंभर एकराहून जास्तच, तीही कुणा एका राजाने नाही तर गावकऱ्यांनी. त्याच्या आदल्याच वर्षी मद्रास इलाख्यात आणि ओरिसात भयंकर दुष्काळ पडलेला होता हे लक्षात घ्या, म्हणजे भूक हा विषय काही हवेतून आलेला नव्हता. त्या दिवशी त्यांनी स्वतः पेटवलेली चूल आजही विझलेली नाही. तामिळमध्ये तिला 'अणैया अडुप्पु' म्हणतात, न विझणारी चूल.

ती घरच्यासारखी चूल नाहीये. जमिनीलगतचा लांबच्या लांब चर, २१ फूट लांब, अडीच फूट रुंद, त्यावर ओळीने भांडी. रात्रीचा स्वयंपाक झाला तरी निखारे विझू देत नाहीत, लाकूड सारत राहतात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा एक म्हातारा आचारी लुंगी गुडघ्यापर्यंत खोचून एका लांब दांड्याने भात हलवत होता आणि धुराने माझे डोळे चुरचुरत होते. मी भाबडेपणाने विचारलं की हीच ती आग का, तर तो म्हणाला हो, आणि पुन्हा भाताकडे बघायला लागला. त्याच्या दृष्टीने प्रश्न आग कधीची आहे हा नव्हता, भात करपेल हा होता.

तांदूळ कुठून येतो? लोक आणतात. गावागावांतून पोती येतात, भाजी येते, जळण येतं. माझ्यासमोर एक बाई एसटीतून उतरून (तिकडची एसटी हो) कापडी पिशवीतून किलो-दोन किलो तांदूळ घेऊन आली, काउंटरवर ओतला, पिशवी झटकून घडी घातली आणि गेली. पावती मागितली नाही, नाव सांगितलं नाही.

असली अन्नछत्रं तर तंजावरच्या मराठ्यांनीही बांधली होती ना?

बरोबर आहे, आणि हा प्रश्न कुणी विचारला की बरं वाटतं. दुसरे सरफोजी यांच्या काळात ओरत्तनाडूचं मुक्तांबाळ छत्रम उभं राहिलं, तिथे वाटसरूंना मोफत जेवण मिळायचं, आणि वळ्ळलार तरुण होते तेव्हा तंजावरच्या गादीवर अजून भोसलेच होते, १८५५ पर्यंत. म्हणजे त्या सगळ्या पट्ट्यात जेवू घालायची परंपरा होतीच. फरक हा की छत्रम राजाच्या इनामावर चालायचं, राजाच्या पुण्यासाठी. वडलूरला राजा नाही, इनाम नाही, रोजचा तांदूळ रोज कुणीतरी आणणार या भरवशावर दीडशे वर्षं झाली.

सात पडदे आणि ज्योत, हे काय प्रकरण आहे?

वडलूरलाच दुसरी वास्तू आहे, सत्यज्ञान सभा. अष्टकोनी, डिझाइन त्यांचंच, आणि पहिलं ज्योतिदर्शन २५ जानेवारी १८७२ ला, तैपूसमच्या दिवशी. आत मूर्ती नाही. एक दिवा, पुढे मोठा आरसा, आणि त्याच्यापुढे सात रंगांचे सात पडदे, काळा, निळा, हिरवा, लाल, सोनेरी, पांढरा आणि शेवटचा मिश्र रंगाचा. एकेक पडदा म्हणजे माणसाच्या अज्ञानाचा एकेक थर. ते सरकले की आत उजेड. काळा पडदा सगळ्यात बाहेर, मायेचा, हे वेगळं सांगायला नकोच.

दर महिन्याला पूसम नक्षत्राला (आपलं पुष्य) सहा पडदे बाजूला करतात, आणि सातही पडदे फक्त वर्षातून एकदा, तै महिन्यातल्या पूसमला. आपल्या पंचांगात पौष किंवा माघ पौर्णिमेच्या आसपास. तेव्हा सहा वेळा दर्शन असतं, पहाटे ६, सकाळी १०, दुपारी १, संध्याकाळी ७, रात्री १० आणि दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाच. मी दुपारी एकचं गाठलं. खरं सांगायचं तर लांबून काही सेकंद एक झगमगीत ठिपका दिसला आणि तेवढ्यात पुढच्या माणसाने पोराला खांद्यावर घेतलं. पण पडदे सरकायला लागले तशी आजूबाजूच्या लाखभर लोकांतून जी 'अरुट्पेरुंजोदि, अरुट्पेरुंजोदि' अशी लाट उठली, ती छातीत जाणवते. अरुळ म्हणजे कृपा, पेरुम म्हणजे मोठी, जोदि म्हणजे ज्योत. पुढचा भाग 'तनिप्पेरुंकरुणै', अजोड अशी मोठी करुणा. देवाला त्यांनी शेवटी दिलेलं नाव हेच.

आरसा आणि दिवा कुठे आधी ऐकलं ते आठवलं का? वहिनीने दिलेली वरची खोली.

नियमही मजेशीर आहेत. दिवा लावणारा माणूस १२ वर्षांच्या आतला नाहीतर ७२ च्या पुढचा असावा, असं त्यांनी लिहून ठेवलंय. आणि आत फक्त ज्यांनी हत्या आणि मांसाहार सोडलाय त्यांनीच यावं, बाकीच्यांनी बाहेरून दर्शन घ्यावं. जेवणाला मात्र ही अट नाही. दर्शनाला अट आणि जेवणाला सूट, एवढं बघितलं तरी माणूस कळतो.

समाजसुधारक का म्हणतात? संत तर सगळेच बरं बोलतात.

बोलतात सगळे, पण यांनी रोजच्या रूढींना हात घातला. माणूस मेला तर रडारड नको, दिवस, श्राद्ध, तिथी काही नको, त्याऐवजी जमेल त्या दिवशी गरिबांना जेवू घाला. जाळू नका, पुरा. नवरा मेला म्हणून बाईची ताली, म्हणजे मंगळसूत्र, काढू नका, आणि बायको मेली तर नवऱ्याने दुसरं लग्न करू नये. हे १८७१ मध्ये! बायकांनाही शिक्षण आणि साधना पुरुषांसारखीच मिळाली पाहिजे. देवाला बोकड-कोंबडं कापणं बंद. जाती, त्यांतल्या पोटजाती, धर्माधर्मांतली भांडणं, हे सगळं पोरखेळ म्हणून उडवून लावलं. तामिळ, संस्कृत आणि इंग्रजी अशी तिन्ही शिकवणारी शाळा काढायचं ठरवलं आणि मोठ्या माणसांसाठी तिरुक्कुरळ या जुन्या तामिळ नीतिग्रंथाचे वर्ग सुरू केले.

एक ओळ तर अशी आहे की तिचं भाषांतरच करू नये, 'कण्मूडि वळक्कम् एलाम् मण्मूडिप् पोग'. कण्मूडि म्हणजे डोळे मिटून, मण्मूडि म्हणजे मातीत गाडून. डोळे मिटून पाळलेल्या सगळ्या चालीरीती मातीत गाडल्या जावोत. देवाला शिव्या घालणाऱ्या पेरियारांनीही त्यांची निवडक पदं छापली, यावरून अंदाज घ्या.

तारखा बघताना मला एक गंमत दिसली. धर्मसालै १८६७ ची, त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबईत प्रार्थना समाज निघाला. २४ सप्टेंबर १८७३ ला पुण्यात महात्मा फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला आणि महिन्याभरात, ऑक्टोबर १८७३ मध्ये, मेट्टुकुप्पमला वळ्ळलारांनी आपल्या सन्मार्गाचा झेंडा उभारून शेवटचं मोठं भाषण केलं. त्यांच्या संघाचं नावही 'समरस शुद्ध सन्मार्ग सत्य संगम', म्हणजे सत्य दोन्हीकडे. एकमेकांशी कसलाही संबंध नाही हं, उगाच जोडू नका. आणि मार्गही वेगळे, फुले शोषणाची साखळी उकलून दाखवतात, हे मन पाझरवायला बघतात. फुल्यांची धार यांच्याकडे नाही असं मला तरी वाटतं.

म्हणजे ते हिंदू होते की नवा धर्म काढला?

तरुणपणी पक्के शैव. मुरुगन, मग तिरुवोट्रियूरचा शिव, मग चिदंबरमचा नटराज, यांच्यावर हजारो पदं. पुढे एकेक सोडत गेले. त्या १८७३ च्या भाषणात, ज्याला 'पेरुपदेशम' म्हणतात, ते सरळ म्हणाले की वेद, आगम, पुराणं, इतिहास यांच्यात अडकू नका, यांनी खरी गोष्ट झाकून ठेवलीये. आणि स्वतःचं उदाहरण दिलं, की मला शैव मताचा किती सोस होता ते माझी आधीची पदं वाचून बघा, तेव्हा मला अक्कल कमी होती. स्वतःच्याच प्रसिद्ध रचनांबद्दल असं जाहीर बोलायला हिंमत लागते. आज मात्र बरेच लोक त्यांच्या तसबिरीला हार घालून, उदबत्ती ओवाळून पूजा करतात, काय बोलणार.

त्यांच्या रचना कुठल्या? वाचायला सोप्या आहेत का?

सगळ्या मिळून 'तिरुवरुट्पा', सहा भाग, पाच हजार आठशेच्या वर पदं. पहिले चार भाग १८६७ मध्ये शिष्यांनी छापले, पाचवा १८८० आणि सहावा १८८५ मध्ये, म्हणजे शेवटचे दोन त्यांच्या मागे. सहावा सगळ्यात बंडखोर आहे. मुळात पदं छापायलाच ते तयार नव्हते, इरुक्कम रत्न मुदलियार नावाच्या भक्ताने परवानगी मिळेपर्यंत एकच वेळ जेवायचं व्रत धरलं तेव्हा कुठे हो म्हणाले. भुकेवरून या माणसाला हलवता येतं हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं! आणि पुस्तकावर 'रामलिंगस्वामी' असं नाव घालू नका, तो डामडौल वाटतो, अशीही तंबी दिलेली.

'अरुट्पेरुंजोदि अगवल' ही १५९६ ओळींची रचना त्यांनी १८७२ मध्ये एका रात्रीत लिहिली असं मानतात. पण सुरुवात करायची तर मी लहानपणीच्या 'दैवमणिमालै'तलं 'ओरुमैयुडन्' हे पद सुचवीन. एकाग्र मनाने तुझे पाय आठवणाऱ्या सज्जनांची संगत दे, आणि आत एक ठेवून बाहेर दुसरं बोलणाऱ्यांशी संबंध नको. आपलं पोटात एक ओठात एक! भाषा साधी आहे, चालीवर म्हटली जाते, थोडं तामिळ येत असेल तर कळते.

कोर्टात केस झाली होती म्हणतात ते खरं का?

हो. जाफनाचे आरुमुग नावलर म्हणून मोठे शैव पंडित, त्यांचं म्हणणं की 'अरुट्पा', म्हणजे कृपेने स्फुरलेली वाणी, हा शब्द फक्त नायन्मारांच्या, म्हणजे जुन्या शैव संतांच्या, पदांना वापरावा, हे कोण उपटसुंभ. त्यांनी वळ्ळलारांच्या पदांना 'मरुट्पा' म्हणजे भ्रमाची वाणी ठरवायची मोहीमच उघडली. पत्रकं निघाली, उत्तरं निघाली, आणि १८६९ मध्ये प्रकरण कडलूरच्या मंजकुप्पम कोर्टात गेलं. वळ्ळलार कोर्टात शिरले तेव्हा लोकांबरोबर नावलरही सवयीने उठून उभे राहिले अशी गोष्ट त्यांचे भक्त रंगवून सांगतात. नावलरांच्या बाजूचे लोक अर्थातच नाही सांगत.

चमत्कार किती खरे मानायचे?

तुमचं तुम्ही ठरवा. एकच सांगतो. करुंगुळी गावात वेंकट रेड्डियार यांच्याकडे ते जवळजवळ नऊ वर्षं राहिले. घरच्या बाईंनी तेलाचं मडकं फुटलं म्हणून नवीन मडकं आणून ते मुरवायला पाण्याने भरून ठेवलं होतं. हे रात्री लिहायला बसले, दिवा मंदावला की तेलच समजून त्यातलं पाणी ओतायचे, आणि दिवा रात्रभर जळत राहिला. शिर्डीची पाण्याच्या पणत्यांची गोष्ट आठवली ना, मलाही. स्वतः वळ्ळलारांनी एका पदात याचा उल्लेख केलाय, पण धर्मसालै काढताना किंवा भाषणात त्यांनी याचं भांडवल केलं नाही.

बंद खोलीतून गायब झाले ते खरं का?

हा प्रश्न पहिला येणार हे माहीत होतं म्हणून मुद्दाम मागे ठेवला.

माहीत आहे ते असं. १८७० पासून ते वडलूरजवळ मेट्टुकुप्पमला 'सिद्धिवळागम' नावाच्या घरात राहत होते. ३० जानेवारी १८७४, तैपूसमच्याच सुमारास, रात्री ते खोलीत गेले, दार लावून घेतलं, बाहेरून कुलूप घालायला सांगितलं. आधी बजावलं होतं की दार उघडू नका, उघडलंत तर रिकामी खोली दिसेल. मी या शरीरात होतो, आता सगळ्या शरीरांत शिरेन, असंही म्हणाले अशी आठवण सांगतात. त्यानंतर त्यांना कुणी पाहिलं नाही. भक्तांच्या परंपरेत पुढे इंग्रज अधिकाऱ्यांनी येऊन दार उघडलं आणि आत काहीच सापडलं नाही. १९०६ च्या साउथ आर्कॉट गॅझेटियरमध्ये मात्र ती खोली अजून बंदच आहे असं नोंदलंय. भक्त म्हणतात देह ज्योतीत विरला, मरण नसलेलं जगणं हीच त्यांची शिकवण होती. शंका घेणारे घातपातापर्यंत जातात. तुकोबांच्या वैकुंठगमनावर आपल्याकडे जे वाद होतात तसेच, अगदी त्याच सुरात.

माझं मत विचाराल तर त्या खोलीने त्यांचं नुकसान केलंय. युट्यूबवर शोधा, दहापैकी आठ व्हिडिओ खोलीवर, चुलीवर एखाददुसरा. ते स्वतः शेवटी वैतागून म्हणाले होते, 'दुकान मांडलं, घेणारं कुणी नाही, म्हणून आवरलं'. आता गिऱ्हाईक झालंय, पण बंद शटरचे फोटो काढायला.

त्यांचा खरा फोटो आहे का?

नाही. मद्रासच्या मासिलामणी मुदलियारांनी आठ वेळा प्रयत्न केला, दर वेळी फक्त कपडेच आले असं सांगतात. आता दिसतात ती चित्रं कल्पनेतली, डोक्यावरून पांढरं वस्त्र घेतलेली, हात बांधलेली. हात बांधण्याचं कारण त्यांच्याच पदात आहे, हात हलवत चालण्याची लाज वाटायची म्हणून हात बांधून चाललो. एका कुंभाराने मातीची मूर्ती करून आणली तर 'सोन्याचं शरीर मातीचं झालं की' म्हणून हातातून सोडून दिली.

'पसित्तिरु, तनित्तिरु, विळित्तिरु' याचा अर्थ काय?

भुकेला राहा, एकटा राहा, जागा राहा. त्यांच्या नावावर सांगतात. स्टीव्ह जॉब्जच्या आधी शंभर वर्षं आमच्या माणसाने हे म्हटलं, हा जोक चेन्नैच्या आयटी ऑफिसात दर महिन्याला एकदा होतो.

सध्या तिथे काय चालू आहे?

तामिळनाडू सरकारने ५ ऑक्टोबर हा 'तनिप्पेरुंकरुणै दिवस' जाहीर केलाय, २०२२-२३ मध्ये द्विशताब्दी झाली, त्याआधी २००७ मध्ये पोस्टाचं तिकीटही निघालं होतं. व्यवस्था सरकारच्या देवस्थान खात्याकडे आहे. २०२४ मध्ये सभेसमोरच्या मोकळ्या मैदानात, त्याला 'पेरुवेळि' म्हणतात, सुमारे १०० कोटींच्या आंतरराष्ट्रीय केंद्राचं काम सुरू झालं आणि पार्वतीपुरमचेच लोक आडवे आले, की आमच्या पूर्वजांनी जमीन दिली ती मैदान मोकळं राहावं म्हणून. प्रकरण हायकोर्टात गेलं. मला गावकऱ्यांचं पटतं. तैपूसमला ते मैदान भरलेलं ज्याने पाहिलंय त्याला तिथे बिल्डिंग सुचणार नाही.

जायचं कसं? मुंबई-पुण्याहून?

आधी चेन्नै, मग तिथून कडलूर किंवा चिदंबरम, आणि पुढे बस. वडलूर हे नेयवेलीच्या जवळ, स्वतःचं छोटं स्टेशनही आहे. चिदंबरम करणार असाल तर एक दिवस वाढवा, त्यात वडलूर, करुंगुळी आणि मेट्टुकुप्पम तिन्ही होतात, अंतरं फार नाहीत. गर्दी झेपत नसेल तर तैपूसम टाळा. चेन्नैत असाल तर सेव्हन वेल्समधलं ते राहायचे ते घर अजून आहे, गल्ली अरुंद आहे, रिक्षा आत जात नाही.

जेवायला पैसे द्यावे लागतात का? आधार कार्ड वगैरे?

नाही. कुणी काही विचारत नाही. मी पहिल्या वेळी सवयीने खिशात हात घातला तर वाढणारा म्हणाला, आधी बसा, भात गार होतोय.